५२० किमीला १ तास ४० मिनिटं? दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि वेळ, नक्की काय धरायचं?

खिडकीची_सीट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय पण उत्तर मात्र नीट हवंय. पुढच्या महिन्यात आईला घेऊन विमानाने जायचंय. दोन्ही विमानतळ छोटे, एकेकच धावपट्टी, आणि मधे पंख्याचं विमान जातं, एटीआर ७२. नेटवर अंतर काढलं तर एका साइटने ५२० किमी सांगितलं आणि खाली उड्डाणाची वेळ लिहिली १ तास ९ मिनिटं. तिकिटावर मात्र जाताना १ तास ४० मिनिटं आणि येताना १ तास २५ मिनिटं! रस्त्याने बघितलं तर ६९० किमी दाखवतंय, ते सोडा, रस्त्याने जायचं नाहीये.

आता खरी अडचण. तिकडे उतरल्यावर पुढचं विमान पकडायचंय आणि ते वेगळ्या तिकिटावर आहे. आमचं पोचायचं ११:४०, पुढचं सुटणार १३:३०. म्हणजे मधे १ तास ५० मिनिटं. साइटचा आकडा खरा असेल तर अर्धा तास आणखी हाताशी येतो आणि मी निश्चिंत. तिकिटाचा खरा असेल तर आईची व्हीलचेअर, चेक-इनची बॅग, परत नवीन बोर्डिंग पास, हे सगळं त्यात बसेल का? पुढे १४:५० चं पण एक विमान आहे. काय करू?

नकाशावेडा

अंतरापुरतं सांगतो, वेळेचं जाणकार सांगतील.

तो ५२० चा आकडा बरोबरच असणार. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात आणि पृथ्वीच्या गोलावरून त्या दोन बिंदूंमधला सगळ्यात छोटा कंस काढतात, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. हॅव्हरसाइन नावाचं सूत्र आहे, त्यात पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरायची की झालं. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, विषुववृत्तावर त्रिज्या ६३७८ आणि ध्रुवांकडे ६३५७, पण ५०० किमीच्या टप्प्यात त्याने दीड-दोन किमीचाच काय तो फरक पडतो, सोडून द्या.

घरच्या घरी ताडून बघायचं असेल तर सोपं आहे. अक्षांशाचा १ अंश म्हणजे जवळजवळ १११ किमी, कुठेही. रेखांशाचा १ अंश मात्र विषुववृत्तावरच १११ असतो आणि ध्रुवाकडे जाताना कमी होत जातो, ६० अंशांवर निम्मा. वैमानिक मंडळी किलोमीटर वापरतच नाहीत, त्यांचं सगळं नॉटिकल मैलात. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, अधिकृत १८५२ मीटर. तुमचे ५२० किमी म्हणजे साधारण २८१ नॉटिकल मैल.

एकच काळजी घ्या, साइटवर शहराचं नाव टाकलं असेल तर अंतर शहराच्या मध्यापासून मोजलेलं असतं. विमानतळ गावाबाहेर २५-३० किमी असला तर तेवढा फरक इथेच पडतो. विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकून परत बघा.

खिडकीची_सीट (धागाकर्ती)

कोड टाकूनच बघितलंय, ५२० च येतंय. धन्यवाद, अंतराचं कळलं. मग वेळ कुठे चुकतेय?

दोन_बॅगा

एअरलाइनवाले मुद्दाम जास्त वेळ लिहितात हो. मग उशीर झाला तरी वेळेवर पोचलो म्हणून सांगता येतं. मी साइटचाच आकडा धरला असता.

आणि जाताना-येताना फरक पडतो तो पृथ्वी फिरते म्हणून. पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, मग पश्चिमेला जाताना गाव स्वतःच जवळ येतं.

पाऊलवाट

दोन_बॅगा, पृथ्वीचं चुकतंय तुमचं. हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. नाहीतर नुसती उडी मारली तरी आपण मागे राहिलो असतो. फरक वाऱ्याचा असतो. आणि तुमच्या हिशोबाने पश्चिमेला लवकर पोचायला हवं, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी उलटं असतं, कारण वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला एक जम्बो ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी सहा तासांच्या वर लागतात. मागून वादळी वारा मिळाला म्हणून.

रात्रपाळी

धागा उशिरा बघितला. मी २६ वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली, म्हणजे विमान सुटायच्या आधी मार्ग, वारा, इंधन, वेळ हे सगळं मांडून कॅप्टनला कागद द्यायचा, तेच काम. आता निवृत्त आहे. ताईंचं प्रकरण नेमकं माझ्या रोजच्या कामातलं आहे म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी साइटचा १ तास ९ मिनिटांचा आकडा कुठून आला ते बघू. अशा साइट सहसा सगळ्या विमानांना एकच वेग लावतात, ताशी ५०० मैल म्हणजे ८०५ किमी, आणि चढण-उतरणीचे म्हणून सरसकट अर्धा तास मिळवतात. ५२० भागिले ८०५, होतात ३९ मिनिटं. अधिक ३०. झाले १ तास ९. त्यांना माहीतच नाही की तुमचं विमान कुठलं आहे! ८०५ हा जेटचा वेग. एटीआर ७२ वर जाऊन सपाट उडायला लागलं की ताशी ५०० किमीच्या आसपास जातं. डॅश ८ क्यू ४०० हे पण पंख्याचंच, पण ते ६५० च्या पुढे जातं. म्हणजे अंतर तेच, मार्ग तोच, विमान बदललं की वेळ बदलली.

आता तुमचं विमान प्रत्यक्षात काय करतं ते बघा. चाकं उचलली की लगेच ५०० चा वेग मिळत नाही. २०,००० फुटांवर जायला सतरा-अठरा मिनिटं धरा, त्यात साधारण १०० किमी सरतात. चढताना वेग कमीच असतो. दुसऱ्या टोकाला उतरण. त्याचा आमच्याकडे एक तोंडी हिशोब असायचा, दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. २०,००० फुटांना झाले ६० मैल, म्हणजे ११० किमी आधीच विमान खाली यायला लागतं. तिथे सोळाएक मिनिटं जातात. मग ५२० मधून हे २१० वजा केले तर खरं सपाट, पूर्ण वेगाचं उडणं राहिलं किती, ३१० किमी! त्याला ३७ मिनिटं. सगळं मिळून ७० मिनिटं झाली आणि यात अजून वारा नाही, वळसा नाही, जमिनीवरचं चालणं नाही.

वळसा म्हणजे काय ते सांगतो. विमान दोन बिंदूंमधे दोरी ताणल्यासारखं जात नाही. निघायची ठरलेली वाट असते, पोचायची ठरलेली वाट असते, मधे कागदावर पाच अक्षरी नावं दिलेले बिंदू असतात, त्यांच्यावरून जायचं. कुठे बंदी असलेलं आकाश असतं, कुठे डोंगर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे धावपट्टीची दिशा. विमान उतरतं वाऱ्याच्या समोरून. तुम्ही येताय पश्चिमेकडून आणि वारा पण पश्चिमेचाच असेल, तर धावपट्टी ओलांडून पुढे जायचं, वळायचं आणि पूर्वेकडून परत यायचं. खिडकीतून विमानतळ खाली दिसतो आणि तरी दहा मिनिटं उतरत नाही, हे बघितलं असेल. सरासरी आठ मिनिटं धरा.

जमिनीवर निघताना आठ, पोचल्यावर चार. छोट्या विमानतळांवर इथे एक खास भानगड असते. धावपट्टीला समांतर वाट, टॅक्सी-वे, पूर्ण लांबीची नसते. मग विमानाला धावपट्टीवरूनच चालत टोकाला जावं लागतं, तिथे अख्खं यू-वळण घ्यायचं आणि मग पळायचं. बॅकट्रॅक म्हणतात. तेवढा वेळ ती धावपट्टी दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही, वर कुणी आलेलं असेल तर त्याला घिरट्या.

बेरीज करा. ७० अधिक ८ अधिक १२, झाली ९० मिनिटं. आता वारा. जाताना समोरून सरासरी ५० किमीचा वारा धरला तर हवेतले आठ-नऊ मिनिटं वाढतात, ९८-९९. तिकिटावर १ तास ४०. येताना तोच वारा मागून, सहा-सात मिनिटं वाचतात, ८३-८४. तिकिटावर १ तास २५. तुमच्या तिकिटावरचे दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, उगाच फुगवलेले नाहीत.

खिडकीची_सीट (धागाकर्ती)

काका, वाचून झाल्यावर दोनदा परत वाचलं. इतकं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं की विमानाचा वेळ म्हणजे उडल्यापासून टेकेपर्यंत. मग तिकिटावरचा वेळ तो नसतोच का?

रात्रपाळी

नाही. तिकिटावर असतो ब्लॉक टाइम. उभ्या विमानाच्या चाकांना अडसर लावलेले असतात, ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू आणि पलीकडे जाऊन थांबलं की बंद. आम्ही चार वेळा लिहायचो: जागा सोडली, चाकं उचलली, चाकं टेकली, जागेवर लागलं. पहिली आणि चौथी यातलं अंतर तिकिटावर, दुसरी आणि तिसरी यातलं अंतर खरं उड्डाण. लांबच्या प्रवासात १५-२० मिनिटांचा फरक कुणाला जाणवत नाही. तुमच्या ५२० किमीत तोच फरक वेळेचा पाचवा-सहावा हिस्सा होतो.

आणि दार उघडून तुम्ही बाहेर पडता ते त्याच्याही नंतर, हे विसरू नका.

दोन_बॅगा

पृथ्वीचं माझं चुकलं, मान्य. पण एक सांगा, जाताना वाऱ्याने आठ मिनिटं खाल्ली आणि येताना तेवढी परत दिली, मग जाऊन-येऊन हिशोब सारखाच ना? तरी एअरलाइन थोडा जास्त वेळ ठेवतेच, हे मी पाहिलंय.

नकाशावेडा

सारखा होत नाही, हीच तर गंमत आहे गणिताची. सपाट वेग ५०० धरा, वारा ६०, अंतर ५२०. वारा नसता तर एका बाजूला ६२.४ मिनिटं, दोन्ही मिळून १२४.८. वाऱ्यात जाताना वेग ४४०, लागली ७०.९. येताना ५६०, लागली ५५.७. बेरीज १२६.६. म्हणजे तोट्यातच. कारण समोरचा वारा तुम्ही जास्त वेळ सोसता आणि मागचा कमी वेळ मिळतो. वारा कितीही असो, कुठल्याही बाजूचा असो, जाऊन-येऊन तोटाच. पंख्याच्या विमानाला जास्त, कारण त्याचा स्वतःचा वेग कमी, त्यामुळे तोच वारा त्याला जास्त लागतो.

रात्रपाळी

बरोबर. आणि जास्त वेळ ठेवण्याबद्दल दोन_बॅगा म्हणतात ते अर्धं खरं आहे. वेळापत्रक ठरवताना मागच्या हंगामातल्या प्रत्यक्ष वेळा बघतात आणि बहुतेक दिवस वेळेत बसेल असा आकडा घेतात. ठरल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत पोचलं की ते वेळेवर असं मोजायची सर्वसाधारण रीत आहे. पण त्यात लबाडी नाही हो. एकच विमान दिवसात सहा-सहा, आठ-आठ फेऱ्या करतं. सकाळच्या फेरीला दहा मिनिटं उशीर झाला आणि वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा नसेल तर संध्याकाळपर्यंत त्याचा तास होतो. म्हणून ताई, शक्य असेल तर दिवसातलं पहिलं विमान घ्यायचं.

पाऊलवाट

काकांचं +१. छोट्या विमानतळांवर सकाळी धुकं असलं तर मात्र उलटं होतं. सगळीकडे कमी दिसत असताना उतरवणारी यंत्रणा नसते, मग धुकं सरेपर्यंत विमान सुटतच नाही. तुमचं किती वाजताचं आहे?

खिडकीची_सीट (धागाकर्ती)

सकाळी १० चं. त्याच विमानाची दिवसातली दुसरी फेरी आहे.

अक्षांश

विषयाशी संबंधित एक सांगावंसं वाटतं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी नेहमीची विमानसेवा आहे, अंतर २.७ किमी! वेळापत्रकात २ मिनिटं लिहितात आणि वारा चांगला मिळाला तेव्हा ५३ सेकंदांत पोचल्याचा विक्रम आहे. वाऱ्याने वेळ कशी बदलते याचं याहून छोटं उदाहरण नसेल.

बाकी, या प्रवासाला जेट असतं तर किती वेळ वाचला असता?

रात्रपाळी

५२० किमीला जेट लावलं तर पंधरा-वीस मिनिटं वाचतील, त्याहून फार नाही. कारण जमिनीवरचे बारा आणि वळशाचे आठ तेच राहतात, वर १०,००० फुटांखाली बऱ्याच देशांत सगळ्यांनाच २५० नॉटची, म्हणजे ताशी २५० नॉटिकल मैलांची वेगमर्यादा असते. आणि तेवढ्यासाठी इंधन बरंच जास्त जळतं, शिवाय धावपट्टी लांब लागते. म्हणून छोट्या अंतरावर पंख्याचं विमान टिकून आहे. मला स्वतःला ते फार आवडतं, खालचं सगळं दिसतं.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाचं. अंतर आणि त्यावरून काढलेली वेळ बाजूला ठेवा. लाइव्ह ट्रॅकरवर, म्हणजे विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या साइटवर, तुमच्या विमानाचा नंबर टाका आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांत ते रोज प्रत्यक्ष किती वाजता पोचलं ते कागदावर लिहून काढा. सरासरी काढू नका. सगळ्यात वाईट तीन दिवस बघा. त्या दिवशी पोचून पुढचं विमान मिळालं असतं का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. तिकिटं वेगळी आहेत म्हणजे पहिलं उशिरा आलं तर दुसऱ्यावर कुणाची जबाबदारी नाही. एकाच तिकिटावर असतं तर मी इतकं घाबरवलं नसतं.

खिडकीची_सीट (धागाकर्ती)

बसून वीस दिवस लिहून काढले. बहुतेक दिवस ११:३५ ते ११:५० च्या मधे. पण एक दिवस १२:२५, एक दिवस १२:४०. पुढच्या विमानाचं काउंटर सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे १२:३०. वीसातल्या त्या दोन दिवशी आई आणि मी अडकलो असतो. दुसरं तिकीट बदलून १४:५० चं घेतलं. आल्यावर इथे सांगेनच.

खिडकीची_सीट (धागाकर्ती)

आलो मंडळी! शब्द दिला होता म्हणून आधी हेच लिहायला बसले. काकांसारख्या चार वेळा मोबाइलवर टिपून ठेवल्यात, मधल्या पण.

जाताना: जागा सोडली १०:०६ ला. मग धावपट्टीवरून हळूहळू टोकापर्यंत चालत गेलो आणि तिथे अख्खं विमान जागच्या जागी वळलं, पंखा माझ्याच बाजूला होता, बाहेरचं गवत सगळं आडवं झालं. हाच तो बॅकट्रॅक म्हणून आईला सांगितलं. चाकं उचलली १०:१७. चढण थांबली तेव्हा आवाज एकदम बदलतो, ते १०:३५. खाली यायला लागलो ११:१६ ला, म्हणजे सपाट उडालो फक्त ४१ मिनिटं. आणि मग उन्हाचा पट्टा. आईच्या मांडीवर ऊन होतं, ते सरकत सरकत पलीकडच्या सीटवर गेलं, थोडा वेळ तिथेच राहिलं, परत सरकत आईच्या मांडीवर आलं. आई म्हणाली, अगं आपण गोल फिरतोय. घड्याळ बघितलं तर बरोबर चार मिनिटं. चाकं टेकली ११:४२, जागेवर लागलं ११:४७. एकूण १ तास ४१ मिनिटं!!

दार उघडलं ११:५२. व्हीलचेअर आली १२:०५ ला. बॅग हातात पडली १२:२२. काउंटर १२:३० ला बंद होणार होतं. म्हणजे १३:३० चं विमान आठ मिनिटांनी मिळालंही असतं कदाचित, आईला पळवत नेऊन. त्याऐवजी ती शांतपणे बसून होती, पाय वर करून.

येताना १ तास २१ मिनिटं लागली.

रात्रपाळी

फार छान नोंद ठेवलीस. ती चार मिनिटं म्हणजे होल्डिंगचा एक फेरा. १४,००० फुटांखाली एक मिनिट सरळ, एक मिनिट अर्धं वळण, एक मिनिट उलट दिशेने सरळ, परत एक मिनिट वळण. खाली कुणीतरी बॅकट्रॅक करत असणार, तुम्ही त्याची वाट पाहिलीत. मी एवढी वर्षं कागदावर 'होल्ड ४ मिनिटं' लिहिलं, ते मांडीवरच्या उन्हावरून मोजलेलं पहिल्यांदाच वाचलं. आईंना नमस्कार सांग.

दोन_बॅगा

मी पण माझ्या पुढच्या प्रवासाच्या विमानाचे वीस दिवस लिहायला घेतलेत. एक शंका, विमान एकाच नंबराचं पण काही दिवस एटीआर आणि काही दिवस जेट असं दिसतंय, मग ते एकत्र धरायचे का?

रात्रपाळी

नाही, वेगळे काढा. तुमच्या तारखेला कुठलं आहे ते बुकिंगमधे विमानाचा प्रकार म्हणून लिहिलेलं असतं, पण आदल्या दिवशी परत एकदा बघा, ऐनवेळी बदलतात. हिवाळ्यात वरचा वारा जोराचा असतो, तेव्हा उन्हाळ्यातले आकडे पण त्यात मिसळू नका.